फुलाचा चहा, पण फूल कुठलं?

मघाशी माझी ओळख ‘जास्वंदीच्या चहावर बोलणारे’ अशी करून दिली गेली. आभार, पण सुरुवात तिथूनच करतो, कारण घोळ तिथेच आहे.

या टेबलावर दोन बश्या आहेत. एकीत जास्वंदीच्या वाळवलेल्या पाकळ्या: पातळ, काळपट, बोटांत धरल्या की चुरतात. दुसरीत जे आहे ते जाड, चामट, गर्द लाल. एक तुकडा जिभेवर ठेवा, दात आंबतील. पाकिटावर ‘हिबिस्कस टी’ छापलेलं असतं, तेव्हा आत बहुतेक वेळा ही दुसरी वस्तू असते. ती लाल अंबाडी. शास्त्रीय नावात दोघीही हिबिस्कस. जास्वंद रोझा-सायनेन्सिस आणि अंबाडी सब्डारिफा. भेंडी आणि कापूस त्यांच्याच कुळातले.

आणि या दुसऱ्या बशीत फूल नाहीच! लाल अंबाडीचं फूल फिकट पिवळसर, मध्ये गडद डाग, अगदी भेंडीच्या फुलाची बहीण. एक दिवस उमलतं आणि मिटतं. त्यानंतर फुलाच्या बुडाशी असलेला निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालचा पेला, फुगतो, मांसल लाल होतो आणि बियांच्या बोंडाला लपेटून बसतो. आतलं बोंड काढून टाकायचं आणि हा लाल पेला वाळवायचा. फुलाचा चहा म्हणून आपण पितो तो याचा.

हे इतकं ताणून का सांगतोय? कारण हा चहा रक्तदाब उतरवतो असं जे जे ऐकता, ते मुख्यतः या लाल पेल्याबद्दल आहे, परसातल्या जास्वंदीबद्दल नाही. 2010 साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 65 माणसं, रक्तदाब थोडा वाढलेला. साधारण निम्म्यांना रोज या चहाचे 240 मिलिलीटरचे तीन कप, सहा आठवडे. बाकीच्यांना तशाच चवीचं बनावट पेय. चहावाल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 7.2 अंकांनी उतरला, बनावटवाल्यांचा 1.3 ने. ज्यांचा मुळात जास्त होता, त्यांचा अधिक उतरला. रोजच्या पिण्यातल्या एका पदार्थाने एवढं करणं लहान नाही. पण हिशेब बघा: 170 वर असलेला माणूस सात-आठ अंकांनी सुरक्षित होत नाही. गोळी बंद करून हा चहा घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. गोळी चालू ठेवून रोज तीन कप घ्यायचे असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. दोन्ही मिळून रक्तदाब फार उतरला तर उठताना चक्कर येते.

वजन झटपट उतरतं, यकृत ‘साफ’ होतं वगैरे गोष्टींवर मी वेळ घालवत नाही. कॅफिन नाही, हे मात्र खरं. चहाच्या झाडाशी याचा संबंधच नाही, त्यामुळे रात्री प्यायलात तरी झोप उडणार नाही. गरोदर बायकांनी आणि दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्यांनी दोन्ही बश्यांपासून लांब राहावं. मलेरियावरचं क्लोरोक्विन चालू असेल तेव्हाही नको, औषध अंगी कमी लागतं.

आता करायचं कसं. आपल्याकडे यासाठी नेमके शब्द आहेत: फांट आणि हिम. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की फांट, गार पाण्यात रात्रभर भिजवलं की हिम. काढा करायचा नाही. धो धो उकळलात तर तुरटपणा उतरतो आणि मग तो झाकायला साखर ओतत बसता. कपाला दोन लहान चमचे वाळलेले तुकडे, वर उकळतं पाणी, झाकण, सहा-सात मिनिटं, गाळा. हिमाला तेवढंच प्रमाण, फ्रिजमध्ये आठ तास. मला हिमच आवडतो. आंबटपणा राहतो, तुरटपणा जवळपास नसतो.

भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं घ्या. पहिल्यांदा मी अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात केला आणि तसाच रात्रभर विसरलो. सकाळी चहा मळकट जांभळा, आणि पातेलं आतून नव्यासारखं लख्ख! पातेल्याचा वरचा थर माझ्या चहात उतरला होता. ओतून दिला. आम्ल एवढं तीव्र असेल तर दातांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आत सांगतो: दिवसभर घोट घोट घेत बसू नका, प्यायल्यावर चूळ भरा, लगेच ब्रश करू नका.

जास्वंदीचाही चहा होतोच. ताजी लाल फुलं, औषध न फवारलेल्या झाडाची. देठाकडचा हिरवा भाग आणि मधली पुंकेसरांची दांडी काढून फक्त पाकळ्या घ्या. वर गरम पाणी ओतलं की जांभळट रंग उतरतो, चव जवळजवळ नाहीच. मग लिंबू पिळा. हे बघा… पिळलं. मागच्यांना दिसतंय का? जांभळ्याचा लाल झाला. रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, आम्लात लाल होतो. या दुसऱ्या ग्लासात अंबाडीचा चहा आहे, तो आधीच लाल; त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकतो. जांभळा… आणखी थोडा… आता निळसर. फेसाकडे लक्ष देऊ नका, तो आम्लाचा आणि सोड्याचा झगडा आहे.

समोरच्या ताईंनी विचारलंय, साखर की मध? काहीही, पण आधी एकदा काहीच न घालता प्या. बाजूच्या थर्मासमध्ये अंबाडीचा हिम आहे, पुढच्या रांगेपासून कप फिरवा. निळा ग्लास मात्र इथेच राहू दे, तो खारट झालाय.