सोललेली साल

डोंगरउतारावर झुडपांच्या आधारानं चढत गेलेला हा वेल. पानं टोकदार, फुलं बारीक, पांढुरकी, घोसानं येणारी. दक्षिण चीनमध्ये याला म्हणतात लेइगोंगतेंग, म्हणजे गडगडाटाच्या देवाचा वेल. वनस्पतिशास्त्रातलं नाव ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी.

आता हातांकडे बघा. मूळ खणलं, माती झटकली, की पहिलं काम साल काढण्याचं. सुरी फिरते तशी नारिंगी झाक असलेली साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते आणि आत फिकट गाभा दिसतो. संधिवातावरच्या काढ्यात जातो तो हा गाभा, आणि तोही बराच वेळ उकळून. साल, पानं, फुलं वर्ज्य, ती विषारी. याच वेलाची पूड शेतकरी पिकावरची कीड मारायला वापरत. शोध प्रयोगशाळेतच लागतात असं आपण सहज बोलून जातो. पण या वेलात विष कुठं जास्त, कुठं कमी, हे सुरी धरणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं.

रसायनशास्त्रज्ञ आले ते कर्करोगावरच्या औषधाच्या शोधात. 1972 साली अमेरिकेत मॉरिस कुपचन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेलाच्या अर्कातून ट्रिप्टोलाइड वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. पडद्यावर फिरतोय तो त्याचाच रेणू. एकमेकींना लागून असलेल्या या तीन त्रिकोणी कड्या बघा. प्रत्येकीत ऑक्सिजनचा एक अणू ताणून बसवलेला. कडी तुटायला टपलेलीच असते.

ती तुटते कुठं, हे कळायला 2011 उजाडलं. जनुक वाचायचं तर डीएनएचे दोन पदर आधी उकलावे लागतात. उकलणाऱ्या यंत्रणेत एक्सपीबी नावाचं प्रथिन असतं. ट्रिप्टोलाइड त्यालाच जाऊन चिकटतं, आणि तेही कायमचं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जुन लिउ यांच्या गटानं हे दाखवून दिलं.

आणि इथून हा रेणू संशोधकांच्या हातातलं हत्यार झाला. पिपेटमधून पेशींवर एक थेंब पडला, की नवे आरएनए संदेश तयार होणं थांबतं. जुने तेवढे उरतात. मग ठरावीक वेळानं पेशींचे नमुने घ्यायचे आणि मोजायचं: कोणता संदेश किती टिकला? काही मिनिटांत विरतात, काही तासन्‌तास राहतात. आलेखातल्या या उतरत्या रेषा त्याच आहेत. एक्सपीबी डीएनएच्या दुरुस्तीतही लागतं, त्यामुळे दुरुस्तीचा अभ्यास करणारेही हीच कुपी उघडतात.

यकृत, मूत्रपिंड आणि पुरुषांची प्रजननक्षमता, तिन्हींना याचा धोका आहे. औषध म्हणून वाट अडली ती तिथं. मिनेसोटा विद्यापीठात याच रेणूला फॉस्फेट जोडून पाण्यात विरघळणारं मिनेलाइड तयार झालं. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी त्याच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत.