वाळूवर जगणारा मासा

उत्तर समुद्राचा तळ. खोली साधारण 30 ते 70 मीटर. समोर दिसतेय ती निव्वळ वाळू. आता नीट पाहा: वाळूतून एक टोकदार जबडा वर येतोय. पाठोपाठ रुपेरी, सडपातळ अंग.

हा सँड ईल. नावात ईल, म्हणजे सापासारखा लांब वाम मासा, असला तरी त्या कुळाशी याचं काही नातं नाही. लांबी फार तर वीतभर. याला वाताशय, म्हणजे पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी, नसते, त्यामुळे पोहणं थांबलं की हा थेट खाली जातो. तिथे जबडा वाळूत रुतवायचा, अंगाला दोन-चार हिसके द्यायचे, की काही सेकंदांत मासा गडप!

बीळ वगैरे काही नाही, वाळू थेट अंगाला भिडलेली. मग श्वास कसा घेतो? कणांच्या फटींतून झिरपणारं पाणी तो तोंडाने ओढतो आणि कल्ल्यांवरून सोडतो. म्हणूनच त्याला वाळू लागते ती जाडसर. तिच्यात गाळ मिसळला की फटी बुजतात, पाणी खेळत नाही, आणि तिथे हा मासा राहत नाही. डॉगर बँकसारखे उथळ, वाळूचे उंचवटे त्याला मानवतात ते यामुळे.

वसंतात आणि उन्हाळ्यात दिवसा थवेच्या थवे वर येऊन कोपेपॉड टिपतात. कोपेपॉड म्हणजे तरंगते, इवलेसे कवचधारी जीव. अंधार पडला की सगळे पुन्हा वाळूत. शरद ऋतूनंतर तर महिनोन्‌महिने उपास, साठवलेल्या चरबीवर. मध्ये डिसेंबर-जानेवारीत एकदाच बाहेर यायचं, अंडी घालण्यासाठी. अंडी वाळूच्या कणांना चिकटून राहतात.

त्याच चरबीवर पफिन आणि किटीवेक या समुद्रपक्ष्यांची पिल्लं वाढतात. चोचीत आडवे धरलेले मासे घेऊन निघालेला पफिन पाहिलात, तर ते बहुधा हेच असतात. माणूस मात्र हे मासे ताटात क्वचितच घेतो. टनावारी पकडून त्यांची पूड आणि तेल काढतो.

2024 मध्ये ब्रिटनने उत्तर समुद्रातल्या इंग्लंडच्या पाण्यात आणि स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात ही मासेमारी बंद केली. वाद झाला, पण या माशाची एक सवय लक्षात घ्यायला हवी. एकदा वाळूत स्थिरावलेला मोठा मासा सहसा आपला पट्टा सोडत नाही. जाळ्यांनी एखादा पट्टा रिकामा झाला, तर शेजारच्या पट्ट्यातले मासे तिथे सरकत नाहीत. तो भरतो प्रवाहाबरोबर वाहत येणाऱ्या पिल्लांनी, आणि तीही दरवर्षी सारखी येत नाहीत.