११४३ ला काय लागतं

(पहाट. रत्नागिरीची मिरकरवाडा जेटी. इंजिनांची धडधड.)

बर्फ भरला, डिझेल भरलं, तांदळाची गोण चढली. आता चार-पाच दिवस ही नौका किनाऱ्याला लागणार नाही. तांडेल म्हणजे नौकेचा म्होरक्या. त्यांच्या डोक्यावर, दोरीला काय लोंबतंय ते बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला ट्रान्झिस्टर. पिशवी खाऱ्या हवेसाठी. आवाज जरा दबतो, पण सेलच्या पट्ट्या टिकतात.

नौकेवर जीपीएस आहे, वायरलेस आहे. मोबाइल तर सगळ्यांच्याच खिशात आहे. किनारा दिसेनासा झाला की त्यावर फक्त जुने फोटो बघायचे.

(दुरुस्तीचं दुकान. उघडे रेडिओ, डायलचा दोरा.)

बाजारातल्या या दुकानात काका अजून रेडिओच्या तारांना कथलाचा डाग देतात. ही आतली काळी कांडी बघा, तांब्याच्या तारेचे वेढे असलेली. मिडियम वेव्हचा अँटेना हाच. कांडीचं टोक केंद्राकडे वळलं की आवाज दबतो, कांडी आडवी झाली की उमटतो. घरोघरी रेडिओ फिरवून फिरवून ऐकायचे, ते यासाठी. डायलवर ही पेनाची खूण आहे ना, ते ११४३ किलोहर्ट्झ. रत्नागिरी.

(आकाशवाणीची धून.)

ही धून शिवरंजनीतली. बांधली वॉल्टर कॉफमन यांनी. मध्य युरोपात नाझींचं सावट पसरू लागलं तेव्हा ते मुंबईत आले आणि इथल्या रेडिओत काम करू लागले.

मुंबई केंद्र त्याआधीचं, २३ जुलै १९२७ चं. ते काढलं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनं. कंपनी खासगी होती, तीन वर्षांत बुडाली. १ एप्रिल १९३० ला सरकारनं कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. ‘आकाशवाणी’ हा शब्द आधी म्हैसूरच्या एका खासगी केंद्राचा; सरकारनं तो नंतर उचलला. चांगलं केलं.

(जुनं लायसनचं पुस्तक, त्यावरचे शिक्के.)

रेडिओ घेतला की पोस्टात जाऊन लायसन काढायचं आणि दर वर्षी पैसे भरायचे. ऐंशीच्या दशकात ही कटकट संपली. रत्नागिरी केंद्र १९७७ चं. त्याआधी कोकणाला मुंबई-पुण्याचंच ऐकावं लागे. सकाळी सातच्या सुमारास घराघरातून ‘सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत आहेत’ ऐकू आलं, की पोरं दप्तर शोधायला लागायची.

टीव्ही दिल्लीत १९५९ ला आला, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. १९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीतून वेगळं झालं. ती गोष्ट मोठी आहे, पण मासेमारीच्या नौकेवर तिचा काही उपयोग नाही.

(कातळावरून दिसणारा समुद्र.)

मिडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून चालतात. जांभ्याचा सुका कातळ त्यांना लवकर गिळतो. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून दर्यावरून त्या कितीतरी लांब जातात. एफएमचं तसं नाही, त्याला समोरासमोर नजर लागते. डोंगर आडवा आला की संपलं. म्हणजे कोकणाला, डोंगर आणि दर्या यांच्यामध्ये राहणाऱ्याला, कोणती लहर हवी ते सांगायला इंजिनीअर कशाला पाहिजे?

आणि खरखर. एफएमवर ती ऐकू येत नाही. मिडियम वेव्हवर लांबची वीजसुद्धा कडकडते. हवामानाची बातमी लागायच्या आधीच विजा कडाडतायत हे तांडेल या खरखरीवरून ओळखतात.

नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ चक्रीवादळ आलं, तेव्हा कित्येक नौका दर्यात होत्या. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आलं, तेव्हा वीज गेली, टॉवर गेले, गावंच्या गावं कित्येक दिवस मुकी होती. गेल्या काही वर्षांत देशभर मिडियम वेव्हची अनेक प्रक्षेपणं बंद झाली. ऐकणारे उरले नाहीत, असं म्हणतात.

(नौका. संध्याकाळ. रेडिओची खरखर.)

तांडेल पिशवी जरा वळवतात. अजून जरा.