सीट चकाकतेय म्हणजे ती मळलीये

(दृश्य: ड्रायव्हरची सीट, अगदी जवळून. दार उघडं, तिरपं ऊन.)

ही सीट बघा, कशी तुकतुकीत दिसतेय, बसायच्या जागी तर आरशासारखी चकाकी आलीये आणि गाडीचे मालक खुश आहेत की इतकी वर्षं झाली तरी लेदर कसं टकाटक आहे. पण ही चकाकी लेदरची नाहीये हो. घाम, अंगाचं तेल, हाताला लावलेलं क्रीम आणि धूळ, हे सगळं त्यावर दाबून दाबून बसलंय आणि कपड्यांनी रोज घासून घासून ते गुळगुळीत केलंय. गाडी नवी असतानाची सीट आठवा, बहुतेक गाड्यांत ती मॅट असते.

(दृश्य: सीटच्या मधोमध कागदी टेप लावतायत.)

आज आपण हिची फक्त डावी बाजू साफ करणार आहोत, उजवी तशीच ठेवायची.

त्याआधी एक गोष्ट, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. गाडीतलं लेदर सहसा उघडं नसतं. खाली कातडं, म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचं जाळं, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक कोटिंग, बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचं. आपण बसतो ते या कोटिंगवर. त्यामुळे "लेदरला तेल पाजा नाहीतर ते सुकतं" हा सल्ला घोड्याच्या खोगिराला ठीक आहे, इथे ते तेल फारसं आत जातच नाही, वरच चिकटून राहतं आणि धूळ धरून ठेवतं. घरातलं खायचं तेल तर कृपा करून लावू नका, काही दिवसांनी खवट वास येतो तो वेगळाच.

(दृश्य: सीटच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब.)

थेंब मोत्यासारखा वर थांबला ना, म्हणजे कोटिंग शाबूत आहे. तो आत मुरला आणि जागा काळपट झाली तर एकतर ते ॲनिलिन लेदर, म्हणजे वर रंगाचा थर किंवा जाड कोटिंग नसलेलं लेदर आहे, किंवा कोटिंग झिजलंय, मग तिथे ओलं काही घासायचं नाही, त्या प्रकारच्या लेदरसाठीच बनवलेलं क्लीनर आणा.

(दृश्य: दाराकडच्या फुगीर कडेवरच्या भेगा.)

सगळ्यात आधी सीट मरते ती इथे. प्रत्येक वेळी उतरताना आपण याच कडेवरून घसरतो आणि कपड्याखालची बारीक धूळ सँडपेपरसारखं काम करते. सुरकुत्या पडणारच, कातडं आहे ते, ताणलं जातं. पण भेग पडली की कोटिंग तुटलं, मग मळ आत शिरतो आणि भेग वाढतच जाते. सीट कोरडी पडून मेली असं लोक म्हणतात, मला विचाराल तर बहुतेक सीट मळाने आणि घासण्याने मरतात, आणि ते थांबवणं आपल्या हातात असतं म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

(दृश्य: व्हॅक्यूम, मग फेस आलेला मऊ ब्रश.)

आधी व्हॅक्यूम, शिलाईच्या फटीत नीट, कारण खडे राहिले तर तुमचाच ब्रश ओरखडे पाडणार. मग लेदरचं पाण्यावर आधारलेलं सौम्य क्लीनर, आणि ते सीटवर नाही ब्रशवर घ्यायचं, एवढासा फेस, हलक्या हाताने गोल गोल. बारीक छिद्रांची सीट असेल तर जास्तच जपा, पाणी आत गेलं की फोममध्ये जातं आणि खाली पंखे, हीटर, वायरी असू शकतात. लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या... हा कपडा बघा, काळा झालाय! ही होती ती चकाकी.

भांड्यांचा साबण नको, लेदर मुळात थोडं आम्लधर्मी असतं, तीव्र अल्कली त्याला सोसत नाही. सॅनिटायझर आणि स्पिरिट तर कोटिंगच खराब करतात. आणि डाग झटक्यात काढणारा तो पांढरा मेलामाइन स्पंज म्हणजे बारीक सँडपेपरच, डागाबरोबर कोटिंगही खरवडतो. जीन्सचा निळा रंग लागला असेल तर उद्यावर टाकू नका, जितका वेळ जातो तितका तो कोटिंगमध्ये मुरतो.

सुकवायला ऊन नको, हेअर ड्रायर नको, दारं उघडी ठेवून सावलीत. मग प्रोटेक्टंटचा, म्हणजे कोटिंग जपायला वरून लावायच्या द्रव्याचा, पातळ हात, त्याने घर्षण कमी होतं आणि पुढचा मळ सहज निघतो. एरवी गाडी उन्हात उभी राहणार असेल तर काचेला सनशेड लावा, ऊन रंगही उडवतं आणि लेदर कडकही करतं.

(दृश्य: टेप निघतेय. मालक दोन्ही बाजूंवरून हात फिरवतायत.)

डावी बाजू चक्क फिकी दिसतेय ना? हाच तिचा मूळ रंग. चकाकी गेली, हाताला चिकट लागत नाही, आणि बोटाखाली कातडीचे बारीक रवे परत जाणवतायत. मालक काही न बोलता उजव्या बाजूवरून परत एकदा हात फिरवतात आणि ब्रश मागतात.