रेशमावर विणलेलं राजकारण

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे कोरियातल्या सिल्ला राज्याच्या जिन्दॉक राणीबद्दल.

ती गादीवर आली इ.स. 647 मध्ये, आणि तेही बंडाळीच्या धामधुमीत. तिच्या आधी तिची चुलत बहीण सॉन्दॉक राज्य करत होती. ‘बाईला राज्य झेपत नाही’ म्हणत बिदाम नावाचा सरदार उठला आणि त्या गडबडीतच सॉन्दॉक वारली. बंड मोडलं, पण शेजारी होतेच. पश्चिमेच्या बेकजेने 642 मध्ये सिल्लाचे चाळीसेक किल्ले घेतले होते. उत्तरेच्या गोगुर्योकडे मदत मागायला गेलेल्या, सिल्लाच्या राजघराण्यातल्या किम चुनचूला तिथे चक्क कैदेत टाकलं होतं. उरला समुद्रापलीकडचा चीनचा तांग बादशहा. त्याने 643 मध्ये सिल्लाच्या वकिलाला काय सुचवलं होतं? तुमच्याकडे बाई राज्य करते म्हणून शेजारी जुमानत नाहीत, माझ्या घराण्यातला एक जण राजा म्हणून पाठवतो! वकील नुसतं ‘हो’ म्हणाला आणि गप्प बसला. माझ्या मते त्या प्रसंगी याहून शहाणं उत्तर नव्हतं.

जिन्दॉकने 648 मध्ये त्याच दरबारात किम चुनचूला पाठवलं. ताइझोंग बादशहाने फौज द्यायचं कबूल केलं. परतताना समुद्रात गोगुर्योच्या गस्तीने गाठलं, तेव्हा ओन गुनहे नावाच्या सोबत्याने चुनचूची उंच टोपी आणि वस्त्रं चढवली. शत्रूने त्यालाच चुनचू समजून मारलं, आणि खरा चुनचू छोट्या होडीतून निसटला.

पुढे सिल्लाच्या दरबाराने तांगचा पोशाख स्वीकारला, स्वतःची कालगणना सोडून तांगची घेतली. स्वाभिमानाला हे बोचलं असणारच. आणि 650 मध्ये राणीने स्वतः रेशमी वस्त्र विणलं. त्यावर पाच-पाच अक्षरांच्या वीस ओळींची कविता, ‘शांततेची स्तुती’. नवा बादशहा गाओझोंग खूश झाला. बहुतेकांना त्यात नुसती खुशामत दिसते. पण मधल्या ओळी ऐका: आज्ञा मोडणाऱ्या परक्यांवर दैवी कोप होऊन त्यांचा नाश होईल, असं ती म्हणते. हे परके कोण, ते बेकजे आणि गोगुर्योची नावं न घेताही बादशहाला कळण्यासारखं होतं.

जिन्दॉक 654 मध्ये गेली. चुनचू राजा झाला. तांगची फौज आली. 660 मध्ये बेकजे पडलं, 668 मध्ये गोगुर्यो. मग तांगलाच सगळा मुलूख हवासा वाटू लागला.

ते रेशीम चीनला घेऊन गेला होता चुनचूचा मुलगा बॉपमिन. आता तो मुनमू या नावाने सिल्लाच्या गादीवर होता. 671 मध्ये त्याने तांग सेनापतीला लांबलचक पत्र लिहून बजावलं, की प्याँगयांगच्या दक्षिणेचा मुलूख सिल्लाला देण्याचा शब्द ताइझोंगनेच दिला होता. पत्रावर भागलं नाही, लढाई झाली. 676 मध्ये तांगने प्याँगयांगमधला आपला कारभार उचलून आजच्या ईशान्य चीनमधल्या लिआओदोंगला नेला.