रिलिव्हर वर चढेपर्यंत

पत्रिकेवर ‘आठ किलोमीटरची तार’ असा विषय छापलाय. तारेपर्यंत येतोच, पण आधी एक तारीख ऐका. ३ फेब्रुवारी १९६१. त्या दिवशी अमेरिकेत ओमाहाजवळच्या ऑफट तळावर हवाई दलाच्या ईसी-१३५ विमानांची पाळी लागली, ती सुटली २४ जुलै १९९० ला. साडेएकोणतीस वर्षं नाताळ असो की हिमवादळ, एक विमान वर असायचंच.

कशासाठी? अमेरिकेच्या बॉम्बर आणि क्षेपणास्त्रांना हुकूम देणारं केंद्र ऑफटला जमिनीखाली होतं. सोव्हिएत क्षेपणास्त्राला तिथं पोचायला अर्धा तास पुरे. केंद्रच गेलं तर हुकूम देणार कोण? म्हणून खाली जे होतं तेच वर ठेवलं, आणि नावही ‘लुकिंग ग्लास’, म्हणजे आरसा. आत जनरल हुद्द्याचा अधिकारी, पाळी साधारण आठ तासांची. नियम असा की बदलीचं विमान हवेत गेल्याशिवाय आधीच्यानं उतरायचं नाही.

हा नियम मी पहिल्यांदा वाचला आणि पुस्तक मिटून बसून राहिलो. इथं पाळीत काम केलेले किती जण आहेत? बघा, निम्मी खोली आहे. मग तुम्हाला सांगायला नको. मी बत्तीस वर्षं औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढली. एका पावसाळ्यात मी नाईटला होतो. ओढ्याला पूर आला आणि सकाळचा रिलिव्हर, म्हणजे बदलीचा माणूस, पोचलाच नाही. सात वाजले, नऊ वाजले. डेस्क सोडायचा नाही, कारण बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी दाखवणारा काटा कुणाच्या तरी डोळ्यासमोर लागतो. डब्याच्या झाकणात चहा ओतून उभ्यानंच प्यायलो. दुपारी तीनला तो पँट गुडघ्यापर्यंत वळलेली, ओलाचिंब असा आला. मी लॉगबुकात सही केली, त्यानं केली, तेव्हा माझा चार्ज सुटला. पुढं ओव्हरटाइमचा अर्ज परत आला, शेरा होता ‘लेखी आदेश नाही’. तो कागद माझ्याकडे अजून आहे. पैशाचं सोडा हो, पण थांबणं हेच काम होतं, हे त्या शेऱ्याला कळलं नव्हतं.

म्हणून या विमानांना कुणी ‘प्रलयाचं विमान’ म्हटलं की मला वाईट वाटतं. आठ तासांच्या पाळीनं हिशेब केला तर बत्तीस हजारांवर वेळा तिथं चार्ज दिला-घेतला गेला. माझ्या मते खरं यंत्र तेच होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर मग तार.

आज हे काम नौदलाची ई-६बी विमानं करतात, ‘आरशा’चं काम त्यांच्याकडे १९९८ मध्ये आलं. हुकूम पाणबुड्यांनाही पोचवायचा असतो, पण समुद्राखालच्या पाणबुडीला साधा रेडिओ ऐकू जात नाही, खारं पाणी तो गिळतं. अतिदीर्घ लहरी मात्र काही मीटर आत शिरतात. वीस किलोहर्ट्झची लहर पंधरा किलोमीटर लांब असते, म्हणून अँटेनाही किलोमीटरांतच हवा. विमान जवळजवळ आठ किलोमीटर तार सोडतं आणि तिरकं होऊन छोट्या वर्तुळात घिरट्या घालतं, म्हणजे तार खाली लोंबत जवळपास उभी राहते. इतक्या मंद लहरीवर बोलणं जात नाही, जेमतेम अक्षरं जातात. हुकुमाला तेवढी पुरतात.

राष्ट्राध्यक्षांसाठीची ई-४बी वेगळी. बोइंग ७४७ वरची चार विमानं, अणुस्फोटाच्या विद्युतचुंबकीय धक्क्यापासून जपलेली. तो धक्का काय करतो ते ९ जुलै १९६२ ला दिसलं. पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर चाचणी झाली आणि सुमारे १,४५० किलोमीटरवरच्या होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे गेले. यावर अर्धा तास बोलायचं होतं, ते राहिलं. तारेची आकृती मागच्या फळ्यावर काढून ठेवलीय, चहा घेताना या, दाखवतो.