माझं दळण उपासाचं आहे

(दादर येथे महिलांच्या एका गटासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे उभ्या आहात त्या ताईंनी पुढे या, पंख्याखाली दोन खुर्च्या रिकाम्या आहेत.

मघाशी आत येताना मला चहा दिला आणि बशीत दोन बिस्किटं ठेवली. मी कप उचलला, बशी तिथेच राहू दिली. देणाऱ्या ताईंनी विचारलं, "डाएट का?" मी म्हटलं, "हो." गेल्या अकरा वर्षांत एवढं शिकले, की दारातच सगळी कथा सांगत बसायचं नाही, चहा गार होतो. बशीत ओतून फुर्र करत चहा प्यायची सवय मात्र सुटली, ती सुटलीच.

मला सिलिॲक आहे. गहू, जव आणि राय (आपली मोहरीची राई नव्हे, परदेशातलं धान्य) या तीन धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं, की माझ्या शरीराची संरक्षण यंत्रणा माझ्याच लहान आतड्यावर उठते. ही ॲलर्जी नाही, अपचनही नाही. यावर गोळी नाही, ऑपरेशन नाही. गहू बंद, आणि तोही जन्मभर, एवढाच उपाय.

मी एकोणतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यातली निदान बारा वर्षं माझं हिमोग्लोबिन आठ-साडेआठाच्या वर गेलं नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाले, लोखंडी कढईत भाज्या झाल्या. दादरचा पूल चढताना मी मध्येच थांबायची आणि कोणी बघितलं तर पर्समध्ये पास शोधल्यासारखं करायची. पोट फुगायचं, तर सासूबाई गरम पाण्यात हिंग द्यायच्या. तो हिंग लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे. परीक्षेच्या सुपरव्हिजनला तीन तास वर्गात बसायचं म्हटलं की मी आदल्या रात्रीपासून जेवत नसे. का, ते बायकांना सांगायला नको.

एका डॉक्टरांनी तर सांगितलं, "तो पंजाबकडचा आजार, तुम्हाला कुठून होणार?" त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला तो असतो, दक्षिणेत पुष्कळ कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, हे मी सहावीच्या मुलांना शिकवत होते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी नावाची तपासणी सांगितली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचे तुकडे तपासले. आतड्याला आतून मऊ केसांसारखे अंकुर असतात, अन्न ते शोषून घेतात. माझे झिजून सपाट झाले होते. टर्किश टॉवेलचा पंचा झाला होता म्हणा ना. लोह शोषायला जागाच नाही, तर गोळी गिळून काय होणार!

आता हे ग्लूटेन म्हणजे काय, ते तुम्ही सगळ्या हातांनी ओळखता. पुरणपोळी लाटताना आतलं पुरण दिसेपर्यंत पोळी पातळ होते आणि तरी फाटत नाही, ती ज्याच्या जोरावर, ते ग्लूटेन. कणीक तिंबून, तेल लावून ठेवली की तिला जी तार सुटते, ती त्याचीच. म्हणजे ज्या गुणासाठी सुगरणीचं कौतुक होतं, त्यानेच माझा घात केला.

गव्हाचा हा गुन्हा उघडकीला आला त्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती मला फार आवडते. 1888 साली लंडनच्या सॅम्युएल गी यांनी या आजाराचं वर्णन करून ठेवलं होतं आणि आहारानेच हा बरा होईल असंही म्हटलं होतं. पण आहार कुठला, ते कळेना. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी मुलांना केळी खाऊ घातली आणि मुलं सुधारली. केळ्यात काहीतरी जादू आहे असं वाटलं. जादू कसली, केळी खाताना पाव बंद होता! खरी गोम ओळखली हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धात, हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद खाऊ लागले. धडधाकट माणसं खंगली आणि ही आजारी मुलं मात्र सुधारली. पुढे पाव परत आला, मुलं पुन्हा आजारी. 1950 मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला.

तर निदान झालं. घरी आल्यावर बहिणीचा फोन, "मग तू खाणार तरी काय?" मी डबे मोजले. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, साबुदाणा, राजगिरा, बेसन. आपल्या आज्यांच्या जेवणात पोळी सणावारी असायची; रोजची भाकरी, नाहीतर भात. माझं माहेर मालवणकडचं, त्यामुळे घावणे, आंबोळ्या, तांदळाची भाकरी हे काही मला औषध म्हणून शिकावं लागलं नाही. ज्वारीची भाकरी मात्र शिकावी लागली. पहिले पंधरा दिवस तव्यावर महाराष्ट्राचे नकाशे पडले. शेजारच्या सोलापूरच्या काकूंनी पिठाला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं, याची विरी गेलीय. पीठ ताजं हवं, आठवड्याचं आणू नकोस."

ताजं पीठ म्हणजे सारखी गिरणी. आणि माझी खरी लढाई तिथेच झाली.

मुंबईतल्या गिरणीत रोज एक भांडण ठरलेलं असतं: "माझे गहू बाजरीनंतर टाकू नका हं!" पांढऱ्या कणकेत काळपट पीठ कोणाला नको असतं. माझं नेमकं उलटं. माझी ज्वारी गव्हानंतर नको. मी गिरणीवाल्या भाऊंना सगळं समजावलं. आतडं, प्रथिन, सगळं. ते "हो ताई" म्हणाले आणि कोणाचे तरी दहा किलो गहू काढून त्याच पाळ्यात माझी ज्वारी ओतली. "थोडंसं येतं ताई, मूठभर. त्याने काय होतंय?"

काय होतं, ते मी घरी येऊन वहीत मांडलं. ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर एका किलोत वीस मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन नको, असा नियम आहे. गव्हाचा एक दाणा साधारण चाळीस मिलिग्रॅमचा, त्यात ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लूटेन. म्हणजे एका किलोत गव्हाचे पाच दाणे, बस्स. आता मूठभर पीठ पन्नास ग्रॅम धरा आणि ते माझ्या पाच किलोंत मिसळा. किलोमागे हजार मिलिग्रॅम होतात. मर्यादेच्या पन्नास पट! भाऊंना हा हिशेब दाखवला असता तर त्यांनी मला पाणी पाजून बाकावर बसवलं असतं.

पुढच्या खेपेला माझ्या आधी एक आजी वरई घेऊन उभ्या होत्या. भाऊंनी न सांगता पाळं झाडलं, कापडी पिशवी बदलली, आधी थोडी वरई घालून काढली, ते पीठ बाजूला ठेवलं आणि मग आजींचं दळण टाकलं. मी बघतच राहिले. म्हटलं, "भाऊ, माझंही दळण उपासाचं आहे." त्यांनी पिशवीत डोकावलं. "ज्वारी? उपासाला?" मी म्हटलं, "माझा उपास वेगळा आहे. त्यात सगळं चालतं, फक्त गव्हाचा कण चालत नाही. आणि तो जन्मभराचा आहे." ते दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "मग आधी सांगायचं ना! एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी या. उपासाच्या पिठाबरोबर काढून देतो."

आतड्याच्या फोटोने जे झालं नाही ते एका शब्दाने झालं. आपल्या घरांत कणाचं भान आहेच. उपासाच्या कढईला पोळीचा हात लागला तर कोणी म्हणत नाही, "थोड्याने काय होतंय?" तेव्हापासून मी हॉटेलात, लग्नघरात, कुठेही ग्लूटेन हा शब्द काढतच नाही. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात. माझी एकादशी सर्वात निर्धास्त असते.

पण एक बोलते. माझा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, चाळण वेगळी. मी त्यांना कोणालाच हात लावू देत नाही. माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची आणि कोणाकोणाला ओट्यापाशी येऊ द्यायची नाही, ते मी पाहिलंय, त्याचा मला राग होता. पहिल्यांदा कामाच्या बाईंना "त्या तव्याला हात नका लावू" म्हणाले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना जवळ बसवून रिपोर्ट दाखवला, का ते सांगितलं. वाक्य तेच असतं हो, म्हणून कारण सांगावंच लागतं.

गिरणीचं जमलं, तरी सहा महिन्यांनी टीटीजीचा आकडा अर्ध्यावर आला आणि तिथेच अडला. डॉक्टर म्हणाले, कुठूनतरी गहू जातोय. मी एकेक डबा काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागले. सोया सॉसमध्ये गहू निघाला, पण तो महिन्यातून एकदा. रोज काय जातं? मिसळणाच्या डब्याशेजारी बसलेला हिंग! बांधानी हिंगात निव्वळ हिंग थोडा, बाकी डिंक आणि पीठ. माझ्या डबीवर चक्क मैदा लिहिलेला. बारा वर्षं पोट फुगलं की हेच मी पाण्यातून पीत होते. सासूबाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि मग बराच वेळ गप्प बसल्या. आता तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणते. पुढे आकडा उतरला. आणि शेवटी घरघंटीही घेतली, कारण गिरणीत हवेतच गहू असतो.

बाहेरचं झटपट सांगते. वडा बेसनाचा, पण समोशाच्या तेलात तळलेला. भेळेत पुरी, पाणीपुरीत रवा. मासे तळताना रवा लावला का, ते विचारा. कुरडई दिसते तांदळाची, असते गव्हाच्या चिकाची. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. आणि खपली! दर लग्नात एक तरी बाई सांगते, "खपली खा, ती पचायला हलकी." खपली हाही गहूच आहे, बायांनो. मधुमेहासाठी तिचे काय गुण असतील ते असोत, मला ती वर्ज्य.

सगळ्यात अवघड गेला तो सत्यनारायणाचा शिरा. निदानानंतर तिसऱ्याच महिन्यात मोठ्या जाऊबाईंकडे बोरिवलीला पूजा होती. त्यांनी हातावर प्रसाद ठेवला. मी घुटमळले, तर म्हणाल्या, "प्रसादाला नाही म्हणू नये. कलावतीच्या नवऱ्याची नौका बुडाली ते आत्ताच ऐकलंस ना?" मी खाल्ला. परतताना अंधेरीला गाडीतून उतरावं लागलं, पुढचं सांगत नाही. पुढच्या वर्षी मी त्यांच्या गुरुजींनाच गाठलं. त्यांनी पोथी उघडून बोट ठेवलं: गव्हाचा रवा नसेल तर तांदळाचं पीठ चालेल, साखर नसेल तर गूळ. दरवर्षी ऐकलेल्या पोथीत लिहिलं होतं आणि आम्हा कोणाचंच लक्ष नव्हतं! आता जाऊबाई आधी तांदळाच्या रव्याचा सव्वा वाटी शिरा वेगळ्या कढईत करतात, वर तुळशीचं पान ठेवून झाकतात आणि मुलांना दटावतात, "तो काकूचा आहे."

आता प्रश्न.

(माझ्या मुलीला होऊ शकतो का, असं एकीने विचारलं.) हो, आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात शक्यता दहात एकाच्या आसपास असते. माझ्या दोन्ही मुलांची तपासणी केली, धाकट्याला निघाला. त्याला काहीही त्रास नव्हता, फक्त उंची अडली होती.

(मागच्या रांगेतून: "माझी नववीतली पोर सारखी थकते, रक्त वाढत नाही. आजपासूनच तिची पोळी बंद करते.") नाही, नाही, थांबा! हे फार जणी करतात. गहू बंद केला की महिना-दोन महिन्यांत रक्तातला आकडा उतरायला लागतो, आतडं भरून यायला लागतं, आणि मग तपासणीत काही सापडत नाही. उद्या डॉक्टरांकडे जा, टीटीजी आणि सोबत एकूण आयजीए नावाची दुसरी रक्ततपासणी करायला सांगा. कदाचित निघणारही नाही, थकव्याची शंभर कारणं असतात. पण आज रात्री तिला पोळी वाढा. नेहमी दोन खाते? मग दोन वाढा.